एकविसावा कामगार कोठे आहे?

गेल्या वर्षी आखाजीच्या तीन आठवडे आधी आमच्या गल्लीतील एक गृहस्थ कोरा कागद घेऊन माझ्याकडे आले. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळमिलमध्ये ते नऊ वर्षे कामाला आहेत. मुलीची लग्नानंतरची पहिलीच आखाजी. तिला माहेरी आणण्यासाठी सुरतेला जायचे आणि चार दिवस घरी राहायचे, एवढाच बेत होता. रजेचा अर्ज लिहून द्या, अशी त्यांची विनंती. मी लिहिले : 'गेल्या वर्षीच्या कामाबद्दल माझ्या खाती जमा असलेल्या रजेपैकी पाच दिवसांची रजा मला अमुक तारखेपासून हवी आहे.' त्यांनी ते वाचले आणि आवाज खाली आणून अहिराणीत सांगितले की, सर, असे लिहिले तर शेठ चिडेल. 'कृपा करून द्यावी, उपकार होतील' असे लिहा. मी मुकाट्याने तसे लिहून दिले. तो अर्ज मुकादमाच्या खिशात गेला तो गेलाच. आखाजीच्या आदल्या दिवसापर्यंत 'बघू' याखेरीज उत्तर नाही. अखेर ते निघून गेले. परत आल्यावर पाच दिवसांचे खाडे लागले, आणि वर 'न सांगता गेला' असा ठपका.

या प्रसंगात एका मालकाचा आडमुठेपणा पाहून हळहळणे सोपे आहे. पण तेवढ्याने भागत नाही. पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाच्या हातूनही 'कृपा' हा शब्द लिहिला गेला, याचा मला अधिक विषाद वाटतो. आम्हा प्राध्यापकांना दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुटी अर्जाविना मिळत असे. त्यामुळे रजा मागणे म्हणजे काय, हे आम्हांस कधी कळलेच नाही. ज्याला मागावी लागते त्याला ती भीक वाटावी, आणि ज्याने द्यावयाची त्याला ते दान वाटावे, अशी ही व्यवस्था आहे. हे दान नव्हे, ही कामगाराची थकलेली मजुरी आहे, आणि ती नाकारण्यामागे माणुसकीच्या अभावापेक्षा एक रोखठोक हिशेब आहे, हे या लेखात मांडावयाचे आहे.

शब्दातच अडकलेली मर्जी

'रजा' हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ संमती, मर्जी. म्हणजे शब्दातच मालकाची परवानगी गृहीत धरलेली आहे. पुढे कायद्याने याच शब्दाला 'अर्जित' हे विशेषण जोडले, आणि गिरणी कामगारांनी तर तिला सरळ 'हक्करजा' म्हटले. विशेषण बदलले, व्यवहार मात्र जुनाच राहिला. खानदेशात त्याची मुळे शेतीत आहेत. आपल्याकडे सालदाराचे साल आखाजीला सुरू होते आणि आखाजीलाच संपते. त्या सालात तो आजारी पडला, की लागतो 'खाडा'. हा खाडा शेताच्या बांधावरून कारखान्याच्या हजेरीपुस्तकात जसाच्या तसा उतरला आहे. गंमत अशी की, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवण्यास कोणीही शेतकरी धजत नाही. बैलाची विश्रांती पंचांगात नोंदलेली आहे. बैलाला अर्ज करावा लागत नाही.

श्रमिकांच्या विश्रांतीचा प्रत्येक दिवस लढून मिळालेला आहे, हे विसरता कामा नये. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पडली. मात्र ती बिनपगारी विश्रांतीची लढाई होती. पगारी वार्षिक रजेचा प्रश्न जगाच्या वेशीवर आला तो १९३६ साली. फ्रान्समध्ये त्या वर्षी कामगारांनी कारखाने व्यापले, लिऑन ब्लूम यांचे आघाडी सरकार सत्तेवर आले आणि प्रत्येक कामगाराला दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा जून महिन्यात संमत झाला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पगारी सुटीचा करार केला. आपल्याकडे १९४५ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन वर्षाला दहा दिवसांची पगारी सुटी प्रथम आली. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्याच पायावर १९४८च्या फॅक्टरी कायद्यातील रजेचे प्रकरण उभे राहिले.

कायदा काय सांगत होता?

हे प्रकरण कामगारांनी कधी वाचले नाही, आणि मालकांनी ते कधी वाचू दिले नाही. त्यातील तरतुदी अशा होत्या : वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला पुढील वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा. अर्ज १५ दिवस आधी, लोकोपयोगी सेवेत ३० दिवस आधी. रजा वर्षातून तीन हप्त्यांपर्यंत घेता येई. आजारपणासाठी हवी असल्यास मुदतीची अट नाही. चार दिवस किंवा त्याहून अधिक रजा मंजूर झाली, तर तिचा पगार निघण्यापूर्वी हातात द्यावयाचा. खानदेशात असा आगाऊ पगार घेऊन आखाजीला गेलेला कामगार मला तरी भेटलेला नाही.

आणि ग्यानबाची मेख पुढेच आहे. कलम ७९ मध्ये स्वच्छ म्हटले होते की, नियमानुसार केलेला अर्ज नाकारता येणार नाही. नाकारावयाचा असेल तर तो केवळ रजेच्या लेखी योजनेला धरूनच. ही योजना मालकाने एकट्याने करावयाची नाही. वर्क्स कमिटीच्या, आणि ती नसेल तेथे कामगार-प्रतिनिधींच्या संमतीने ती तयार करून मुख्य निरीक्षकाकडे दाखल करावयाची, आणि कारखान्यात सर्वांना दिसेल अशी लावावयाची. तशी योजना नसेल, तर नकार देण्याचा अधिकारच नाही. बेकायदा नाकारलेली रजा पुढील वर्षी कोणत्याही मर्यादेविना जमा राही.

म्हणजे 'मंजुरी' ही मालकाची मर्जी नव्हती. ते केवळ वेळापत्रकाचे काम होते. आमच्या शेजाऱ्यांचा अर्ज तीन आठवडे आधी दिलेला होता. तो मुकादमाच्या खिशात राहिला, तेव्हा हाच कायदा अमलात होता. पण अर्ज खिशात ठेवला की नकारही नाही आणि मंजुरीही नाही. जो नकार दिलाच नाही, त्याविरुद्ध तक्रार कशी करणार? सारी पिळवणूक या एका 'बघू'मध्ये साठवलेली आहे.

वीस आणि एक

आता हिशेबाकडे येऊ. दर वीस दिवसांमागे एक दिवस. याचा अर्थ मालक कामगाराकडून वीस दिवस काम घेतो तेव्हा एकवीस दिवसांचे वेतन देणे लागतो. वीस दिवसांचे तो तेव्हाच देतो. एकविसाव्या दिवसाचे त्याच्याकडे ठेव म्हणून राहते. ही ठेव वेतनाच्या पाच टक्के आहे. रोज ५०० रुपये मजुरी धरली आणि वर्षाचे ३०० दिवस काम धरले, तर पंधरा दिवसांच्या रजेचे साडेसात हजार रुपये होतात. चाळीस कामगारांचा कारखाना असेल, तर तीन लाख. रजा 'बुडाली' असे आपण म्हणतो. वस्तुतः ती बुडत नाही. ती मालकाच्या गल्ल्यात पोहत असते.

पण हा हिशेबाचा अर्धाच भाग झाला. वीस कामगार असलेला कारखाना घ्या. प्रत्येकाने वर्षात २८० दिवस काम केले, तर प्रत्येकाला चौदा दिवस रजा मिळते. वीस जणांची मिळून ती होते २८० दिवस, म्हणजे बरोबर एका माणसाचे वर्षभराचे काम. दिवसांचा आकडा कोणताही घ्या, उत्तर बदलत नाही. दर वीस कामगारांची हक्काची रजा म्हणजे एका एकविसाव्या कामगाराची नोकरी. ज्या कारखान्यात रजा खरोखर द्यावयाची आहे, तेथे विसांमागे एक माणूस जादा असलाच पाहिजे. आणि जेथे तो नाही, तेथे रजा द्यावयाची नाही हे वर्षाच्या पहिल्या दिवशीच ठरलेले असते. अर्ज, विनवणी, मुकादमाचा खिसा हे सारे नंतरचे नाटक.

'तू गेलास तर तुझे काम कोण करणार?' हा प्रश्न प्रत्येक कामगाराने ऐकलेला आहे. त्याचे उत्तर कामगाराने द्यावयाचे नाही. ते उत्तर म्हणजे तो एकविसावा कामगार, आणि त्याला नेमणे हे मालकाचे काम होते. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात हे समजावून सांगण्याची गरज नाही. रजेवर जाणाऱ्यांची जागा भरण्यासाठी राखीव माणसे ठेवण्याची पद्धत रेल्वेत फार जुनी आहे, आणि ती पदे रिकामी राहिली की रजा कशी अडते, हेही तेथील कामगार जाणतो. जे तत्त्व रेल्वेसारख्या प्रचंड यंत्रणेला परवडते, ते डाळमिलला, प्लॅस्टिकच्या चटईच्या कारखान्याला किंवा यंत्रमागाच्या शेडला अजब का वाटावे?

म्हणून नाकारलेली रजा ही दुहेरी चोरी आहे. आत असलेल्याची विश्रांती चोरली जाते आणि बाहेर उभ्या असलेल्याची नोकरी. जळगाव-धुळ्याची पदवीधर मुले सुरत, नाशिक, पुण्याच्या गाड्या पकडतात, तेव्हा त्यांतील काहींची जागा येथेच, त्यांच्या बापाच्या आणि काकाच्या न मिळालेल्या रजेत दडलेली असते. आणि तिकडे गेल्यावर तीच कहाणी पुन्हा सुरू होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिचे विसर्जन होते. रविवार सुटीचा, म्हणून गावी येता येते. पण सोमवारसाठी कोणापुढे तरी हात पसरावा लागतो. भाऊबंद रोटाला बसलेले असताना रात्रीच्या गाडीने परत फिरणारे तरुण मी नंदुरबारच्या आणि अमळनेरच्या फलाटांवर पाहिले आहेत.

उंबरठ्याबाहेरचे लोक

ही झाली ज्यांना कायद्याने रजा दिली त्यांची कथा. ज्यांना ती दिलीच नाही, त्यांचे काय? २४० दिवसांचा उंबरठा खानदेशाच्या अर्थव्यवस्थेला कधी मानवलाच नाही. येथील मुख्य पीक कापूस आणि मुख्य जुना उद्योग जिनिंग-प्रेसिंग. दिवाळीच्या सुमारास कापसाची आवक सुरू होते आणि चार-पाच महिन्यांत हंगाम आटोपतो. या काळात कामगार दिवसरात्र राबला, तरी दोनशे चाळीस दिवस भरतील कसे? जे गणिताने अशक्य, ते त्याला हक्क म्हणून देऊ करणे म्हणजे बोलाचाच भात नि बोलाचीच कढी. गिरण्यांतील बदली कामगाराचेही तेच झाले. साने गुरुजींनी ज्या अमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगारांत काम केले, त्यांच्यातही रोज सकाळी फाटकाशी उभा राहून काम मिळते का ते पाहणारा एक वर्ग होताच. आता गिरण्यांचे भोंगे थांबले. जळगावात खानदेश मिलच्या जागी व्यापारी संकुल आले. पण बदली कामगाराचा नवा अवतार, म्हणजे कंत्राटी कामगार, सर्वत्र दिसतो. त्याचे दिवस भरत आले की त्याला 'ब्रेक' मिळतो. हा ब्रेक मात्र अर्ज न करता मिळतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची स्थिती तर याहून भयानक. चाळीसगावकडच्या तांड्यांतून नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' कारखान्यांच्या वाटेला लागतो. त्यात एक दिवस बाई आजारी पडली, की मजुरी बुडून वर खाड्याचा दंड. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांनी २०१९ साली महाराष्ट्र हादरला. त्या भीषण प्रकारामागील कारणांत खाड्याची भीती हे एक कारण होते. रजा नसण्याची किंमत शरीर कोणत्या थराला जाऊन चुकविते, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

दुकानांतील नोकरांचे तर हातचे काढून घेण्यात आले. १९४८च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याखाली एकच नोकर असलेल्या दुकानातही, वर्षात २४० दिवस भरल्यास २१ दिवसांची पगारी रजा होती. २०१७ साली 'व्यवसाय सुलभते'च्या नावाने नवा राज्य कायदा आला आणि दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने त्याच्या कक्षेबाहेर गेली. जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर एक फेरी मारा आणि दहा नोकर असलेली दुकाने मोजा. हाताची बोटे पुरतील. एवढ्यावर समाधान न होऊन सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्याचा निर्णय घेतला, आणि त्याच बैठकीत कामाचे तास वाढविण्यासही मान्यता दिली. एका हाताने विश्रांती काढायची आणि दुसऱ्या हाताने काम वाढवायचे, याला सुलभता म्हणतात. ती कोणाची, हे सांगणे न लगे.

रजा विकावी काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि फॅक्टरी कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली. तीत रजेचा उंबरठा २४० वरून १८० दिवसांवर आणला आहे. हा बदल चांगला आहे, आणि चांगल्याला चांगले म्हणण्यात कमीपणा नाही. पण १८० दिवसही जिनिंगच्या हंगामात मावत नाहीत, आणि दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना येथेही बाहेरच राहतात.

याच संहितेत वर्षअखेरीस न घेतलेल्या रजेचे पैसे मागण्याची सोय आहे. यात वाईट काय, असे कामगारही विचारतील. शाळेची फी, घराचा हप्ता, दवाखाना यांपुढे चार दिवसांची विश्रांती कोणाला परवडते? प्रश्न खरा आहे, आणि म्हणूनच तो घातक आहे. वेतन इतके तोकडे ठेवायचे की कामगाराने आपण होऊन विश्रांती विकावी, आणि मग ती त्याची 'निवड' म्हणून मिरवायची, ही भांडवलशाहीची जुनी मखलाशी आहे. बुडालेल्या रजेचे पैसे कामगाराला मिळालेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या वर्षी सर्वांनी रजा विकली, त्या वर्षी एकविसाव्या कामगाराची गरजच संपली, हेही लक्षात ठेवा. आपली रजा विकताना आपण शेजारच्या बेकार मुलाची नोकरीही तिच्यासोबत विकत असतो.

दुसरा आक्षेप लहान उद्योजकांचा. आमचे भांडवल तुटपुंजे, आम्ही रजेचा भार कसा सोसावा? लहान कारखानदाराच्या अडचणी मी नाकारीत नाही. वीज, व्याज आणि बड्या व्यापाऱ्यांची उधारी यांनी तो पिचलेला आहे. पण त्याने आपला तोटा ज्याच्याकडून वसूल करावा असा सर्वांत दुबळा माणूस त्याचा कामगारच असावा काय? तिसरा आक्षेप तर ठरलेलाच : कामगार न सांगता दांड्या मारतात. मारतात हे खरे. जेथे सांगून रजा मिळत नाही, तेथे न सांगता जाणे एवढाच मार्ग उरतो. आखाजी, कानबाई, लग्नसराई, पेरणी या साऱ्यांच्या तारखा मालकाच्या भिंतीवरील दिनदर्शिकेतही असतात. जानेवारीत बसून पाळ्या लावल्या, तर निम्म्या दांड्या नाहीशा होतील. जुन्या कायद्यातील संमतीची योजना नेमके हेच सांगत होती.

मागण्या कोणत्या?

कामगार संघटना पगारवाढीचे करार करतात, बोनससाठी फाटकावर बसतात; रजा मात्र करारपत्राच्या तळाशी एका ओळीत उरकली जाते. हा आपल्या चळवळीचाही दोष आहे. यापुढे चार गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे.

पहिली : दर वीस कामगारांमागे एक राखीव कामगार नेमण्याची अट प्रत्येक करारात असावी. दुसरी : रजेच्या अर्जाची सही-शिक्क्याची पोच मिळावी, नकार द्यावयाचा तर तो लेखी, सकारण आणि सात दिवसांच्या आत, त्या मुदतीत उत्तर न आल्यास रजा मंजूर झाली असे समजावे. नव्या संहितेखालील राज्याच्या नियमांत हे निःसंदिग्ध शब्दांत यावे, यासाठी आतापासूनच दबाव आणला पाहिजे. तिसरी : दिवसांचा उंबरठा काढून टाकावा. ज्याने वीस दिवस काम केले त्याचा एक दिवस जमा झाला. हंगाम संपताना जिनिंगच्या मजुराला त्याच्या जमा रजेचे वेतन हातात मिळावे. चौथी : दुकानातील एकट्या नोकराला १९४८ साली जे मिळाले होते, ते त्याला परत मिळावे. इतक्या वर्षांत राष्ट्राचे उत्पन्न कित्येक पटींनी वाढले असताना त्याचा हक्क मात्र शून्यावर यावा, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. यांतील निम्म्या गोष्टी जुन्या कायद्याच्या पुस्तकातच होत्या. पण पुस्तकातील हक्क माणसाच्या हातात यावा लागतो, आणि तो एकट्यादुकट्याच्या हातात येत नाही. एक जण 'मला रजा हवी आहे' असे लिहितो तेव्हा तो उद्धट ठरतो. चाळीस जण तेच लिहितात तेव्हा तो नियम होतो.

आमचे शेजारी परवा पुन्हा आले होते. यंदाच्या आखाजीला मुलगी नातवाला घेऊन येणार आहे. या खेपेस ते एकटे आले नव्हते. मिलमधील आणखी सहा जण त्यांच्यासोबत होते. सातही अर्ज मी एकाच मजकुराचे लिहिले. 'कृपा' हा शब्द लिहा, असे कोणी सांगितले नाही, आणि मी लिहिला नाही. पोच मागायची, असे ठरवून ते गेले आहेत. एकविसावा कामगार अजून फाटकाबाहेरच उभा आहे. पण आत कोणीतरी त्याची जागा मोजायला लागले आहे.